आभाळातले बांध

आमच्या सासवडच्या स्टुडिओत दर्शनी भिंतीवर एक कृष्णधवल फोटो आहे. ज्ञानोबांची पालखी दिवे घाट चढते आहे. वळणावळणाचा रस्ता माणसांनी भरून गेलाय आणि त्या गर्दीच्या मधोमध रथ दिसतोय, करंगळीच्या नखाएवढा. अण्णांनी, माझ्या वडिलांनी, तो १९८७ साली काढला. पहाटेच घर सोडून ते घाटातल्या एका खडकावर जाऊन बसले होते. पालखी त्या वळणावर आली तेव्हा दुपार झाली होती आणि पाऊस भुरभुरत होता. कॅमेरा टॉवेलात गुंडाळलेला, रोलमधल्या मोजून चार फ्रेम त्या जागेसाठी राखलेल्या. त्यातली ही एक.

वरून काढलेला फोटो हा आमच्या धंद्यात कायम कष्टाने मिळवायचा माल होता. वरात वरून हवी असेल तर समोरच्या घरमालकाकडे गच्ची मागायची. गावजेवणाच्या पंगती हव्या असतील तर पाण्याच्या टाकीची शिडी चढायची. पुढे मोठ्या लग्नांत जिमी जिब आला. तो लांबलचक लोखंडी दांडा आणि त्याची माणसं पुण्याहून भाड्याने आणावी लागत. २०१५ साली मी चार पंख्यांचा पांढरा ड्रोन पहिल्यांदा स्टुडिओमागच्या मोकळ्या जागेतून वर नेला. रिमोटला लावलेल्या मोबाइलवर कऱ्हेचं पात्र, संगमेश्वराचं शिखर आणि आमचीच पत्र्याची शेड दिसली. अण्णा काही बोलले नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि नुसते पडद्याकडे बघत राहिले.

त्या दिवशी मी सरकारी बंदी मोडत होतो. तेव्हा ते मला धड माहीतही नव्हतं. आज माझ्या ड्रोनच्या बॅगेत एक प्लॅस्टिकची फाइल असते. गेल्या दहा वर्षांत बदलत गेलेल्या नियमांचे कागद मी तिच्यात तारखेनुसार लावून ठेवलेत. लग्नाच्या मांडवात कुणी हटकलं तर दाखवायला ती लागते, हे खरंच. पण एवढ्यात मी ती वाचतो ती वेगळ्या कारणाने. आभाळावर हक्क कुणाचा, हा प्रश्न आपल्या देशाने कसकसा सोडवत आणला, ते त्या कागदांतून दिसतं. कागद मात्र माझ्या ड्रोनपेक्षा फार जुन्या काळापासून सुरू होतात.

पहिला कागद आहे १९३४ चा. इंग्रजांच्या राज्यात झालेला विमान कायदा, म्हणजे एअरक्राफ्ट अ‍ॅक्ट. त्यात विमान कशाला म्हणायचं याची व्याख्या आहे. हवेच्या आधाराने वर राहणारं कुठलंही यंत्र म्हणजे विमान, आणि त्यात फुगे, हवाई जहाजं, ग्लायडर यांच्याबरोबर पतंगही आला. संक्रांतीला आम्ही पोरं गच्चीवरून जे उडवायचो, तेही कायद्याच्या लेखी विमान होतं. पतंगासाठी कुणी परवाना मागितला नाही, पण आभाळात जे जाईल ते सरकारच्या अखत्यारीत, हे तेव्हाच ठरून गेलं.

त्यापाठोपाठ १९३७ साली विमान नियम आले. त्यातला १३ वा नियम तर थेट आमच्या धंद्याचा. सरकारी विमानतळावर किंवा उडत्या विमानातून परवानगीशिवाय फोटो काढायचा नाही. धरण, पूल, छावणी, बंदर वरून कसं दिसतं ही माहिती शत्रूच्या कामाची, असा त्यामागचा विचार. स्वातंत्र्य आलं तरी नियम तसाच राहिला आणि हवाई छायाचित्रणासाठी विमान वाहतूक महासंचालनालयापासून संरक्षण खात्यापर्यंत अर्ज फिरत राहिले. अण्णा खडकावर बसले होते, विमानात नव्हते, म्हणून त्यांना कुणी अडवलं नाही. त्यांच्या पायाखाली जमीन होती. ती सुटली की माणूस दुसऱ्या कायद्याच्या हद्दीत जातो, हे त्यांना कधी कळण्याची वेळच आली नाही.

वैमानिक नसलेल्या विमानाचा विचारसुद्धा आपल्याला वाटतो तितका नवा नाही. दुसरं महायुद्ध चालू असतानाच, ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागोत नागरी विमान वाहतुकीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. भारतही त्यात होता. त्याच्या आठव्या कलमात म्हटलंय की वैमानिकाशिवाय उडू शकणारं विमान दुसऱ्या देशावरून न्यायचं तर त्या देशाची खास परवानगी हवी, आणि असं विमान इतर विमानांना धोका होणार नाही अशा रीतीने ताब्यात ठेवायची जबाबदारी त्या त्या देशाची. आज आपण जे नियम पाळतो, त्यांचं बी या दोन वाक्यांत आहे. परवानगी घ्या, आणि इतरांना इजा होऊ देऊ नका.

४०० फुटांची मर्यादाही अशीच जुनी आहे. १९८१ साली अमेरिकेच्या विमान प्रशासनाने खेळण्यातली विमानं उडवणाऱ्या हौशी लोकांसाठी एक छोटं परिपत्रक काढलं. वस्तीपासून लांब उडवा, जमिनीपासून ४०० फुटांच्या वर नेऊ नका, असा सल्ला त्यात होता. तिथे मोकळ्या भागावर माणसांची विमानं साधारणपणे ५०० फुटांच्या खाली येत नाहीत, म्हणजे मध्ये १०० फुटांचा मोकळा पट्टा उरतो. शेतात दोन भावांच्या वावरांमध्ये बांध सोडतात, तसा. पुढे जगभर तोच आकडा रुळला आणि आपल्याकडेही आला. मला परीक्षेत हा आकडा विचारला होता. त्यामागचा बांध कुणी समजावला असता तर तो पाठ करावा लागला नसता.

आपल्याकडे ड्रोन लोकांच्या नजरेत आला तो सिनेमातून. २००९ च्या ‘थ्री इडियट्स’मध्ये इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर चार पंख्यांचं यंत्र उडताना दिसतं. ते बनवलं होतं मुंबईच्या आयआयटीतून बाहेर पडलेल्या मुलांच्या ‘आयडियाफोर्ज’ या कंपनीने. त्याच कंपनीने संरक्षण संशोधन संस्थेबरोबर ‘नेत्र’ हे टेहळणीचं यंत्र तयार केलं, आणि २०१३ साली उत्तराखंडात प्रलय झाला तेव्हा अडकलेली माणसं शोधायला ते वापरलं गेलं. त्याच वर्षी चिनी कंपनी डीजेआयने आपला पहिला फँटम बाजारात आणला. डब्यातून काढायचा, पाती बसवायची आणि उडवायचा. तोवर ड्रोन म्हणजे स्वतः सोल्डरिंग करून जुळवायची वस्तू होती. आता ती माझ्यासारख्या तालुक्याच्या फोटोग्राफरच्या हाताशी आली.

मे २०१४ मध्ये मुंबईत एका पिझ्झावाल्याने उंच इमारतीत ड्रोनने पिझ्झा पोचवून दाखवला. बातमी देशभर गाजली आणि मुंबई पोलिसांनी चौकशी सुरू केली. दाट वस्ती, वर विमानतळाची वाहतूक, शिवाय २००८ च्या हल्ल्याची आठवण ताजी. पोलिसांची काळजी वावगी नव्हती. त्यानंतर पाचच महिन्यांनी, ७ ऑक्टोबर २०१४ रोजी, विमान वाहतूक महासंचालनालयाने एक जाहीर सूचना काढली. नियम तयार होईपर्यंत कुठल्याही बिगरसरकारी संस्थेने किंवा व्यक्तीने ड्रोन उडवायचा नाही. माझ्या फाइलमधला हा दुसरा कागद. सूचना फार तर पानभराची असेल, पण तिने चार वर्षं आभाळ बंद ठेवलं.

म्हणजे कागदावर बंद ठेवलं. प्रत्यक्षात काय झालं ते मला सांगायचंय, कारण त्यात मी होतो.

त्या चार वर्षांत पुरंदर, बारामती, भोर, सगळीकडे लग्नात ड्रोन आला. पत्रिका छापण्याआधी मुलीचे वडील विचारायचे, “ड्रोन आहे ना?” नाही म्हटलं की काम दुसऱ्याकडे जायचं. मी लाखभर रुपये घालून मुंबईच्या बाजारातून यंत्र आणलं. बंदीची गोष्ट मला सहा महिन्यांनी एका व्यवसायबंधूकडून कळली. मी विचारलं, मग परवानगी कुठे मिळते? तो म्हणाला, मिळतच नाही. अर्ज नाही, खिडकी नाही, फी नाही. ज्याला नियम पाळायचाय त्यालाही पाळायची सोय नव्हती. उडवायचं किंवा धंदा सोडायचा, एवढंच उरलं होतं. मी उडवलं.

२०१६ च्या मे महिन्यात, एका लग्नात, संध्याकाळी वरात मांडवाच्या कमानीशी आली होती. मी ड्रोन खाली आणत होतो. कमानीवर रोषणाईची तार आडवी बांधलेली होती, ती पडद्यावर दिसली नाही. पातं तारेला अडकलं आणि यंत्र दगडासारखं खाली आलं. एक सात-आठ वर्षांचा मुलगा, डोक्याला छोटा फेटा बांधलेला, दोन हातांवर उभा होता. त्याला काही झालं नाही. बँड वाजत होता, कुणाच्या फारसं लक्षातही आलं नाही. मी तुकडे गोळा केले, गाडीत टाकले आणि रात्रभर झोपलो नाही.

त्या अपघाताची नोंद कुठेच नाही. पोलिसांना सांगितलं असतं तर मीच गुन्हेगार ठरलो असतो. यजमानांना सांगितलं नाही, सोबतच्या पोरालाही ‘बोलू नको’ म्हणालो. असे अपघात त्या वर्षांत किती झाले असतील आणि किती जणांनी तुकडे गोळा करून गाडीत टाकले असतील! बंदीने ड्रोन थांबले नाहीत. एकाच्या चुकीतून दुसऱ्याने शिकायचं, ते मात्र थांबलं. उंच तारेचा धोका मी चारचौघांत सांगू शकलो असतो तर दुसऱ्या कुणाचं यंत्र तरी वाचलं असतं. सांगणार कसा? ज्या कामाला कायद्यात जागाच नाही, त्या कामाची शिस्त कुठे बसणार?

तिसरा कागद २०१८ चा. २७ ऑगस्टला महासंचालनालयाने पहिली सविस्तर नियमावली जाहीर केली आणि ती १ डिसेंबरपासून लागू झाली. आम्ही सात-आठ फोटोग्राफर स्टुडिओत जमलो आणि इंग्रजी मजकूर वाचायला बसलो. ड्रोनच्या पाच जाती ठरल्या होत्या वजनावरून. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, २ किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल, १५० किलोपर्यंत मीडियम, त्यापुढे लार्ज. फक्त दिवसा उडवायचं, डोळ्यांना दिसेल इतक्याच अंतरात ठेवायचं. मायक्रो जातीचं यंत्र २०० फुटांच्या आत उडवायचं असेल तर स्थानिक पोलीस ठाण्याला २४ तास आधी कळवायचं. पहिल्यांदाच कुणीतरी आम्हाला काय करायचं ते सांगत होतं. आम्हाला खरोखर आनंद झाला.

पण त्यात एक अट होती, जिच्यावर सगळं अडलं. ‘परवानगी नाही तर उड्डाण नाही’ असं तिचं सूत्र. प्रत्येक उड्डाणाआधी ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावर मंजुरी घ्यायची, आणि ती मिळाल्याशिवाय यंत्राची मोटारच सुरू होता कामा नये. कल्पना चांगली होती. बाजारात मिळणाऱ्या आणि आमच्या हातात असलेल्या जवळजवळ सगळ्या यंत्रांत मात्र ती सोयच नव्हती. म्हणजे पुन्हा तेच. नियम आला, तरी तो पाळता येईल असं यंत्र आमच्याकडे नव्हतं.

जानेवारी २०२० मध्ये सरकारने विचारलं, तुमच्याकडे ड्रोन असेल तर ३१ तारखेपर्यंत स्वतःहून सांगा. सांगितलं की एक पोचक्रमांक मिळायचा. तो मिळाला म्हणजे उडवायचा हक्क मिळाला असं नाही, हेही त्यात स्पष्ट लिहिलं होतं. बरेच जण घाबरले. नाव दिलं आणि उद्या दारात पोलीस आले तर? मी २०१८ साली रीतसर बिल घेऊन दुसरा ड्रोन घेतला होता. त्याचं नाव, नंबर, माझा पत्ता, सगळं भरलं. क्रमांक आला तेव्हा मी तो कागदावर छापून फाइलमध्ये लावला. त्या मांडवातल्या मुलानंतर पहिल्यांदाच मला वाटलं की या यंत्राला आता मालक आहे.

२०२१ हे वर्ष आमच्या इतिहासातलं सगळ्यात घाईचं. १२ मार्चला मानवरहित विमान प्रणाली नियम आले. त्यांत २५ प्रकारचे अर्ज होते आणि ७२ प्रकारच्या फिया. विद्यापीठं, नवउद्योजक, सर्वेक्षण करणारे, सगळ्यांनी तक्रार केली. आणि अशात २७ जूनच्या पहाटे जम्मूच्या हवाई दलाच्या तळावर ड्रोनने स्फोटकं टाकली गेली. टीव्हीवर ते पाहताना मला वाटलं, संपलं, आता २०१४ परत येणार. झालं ते उलट. तीनच आठवड्यांच्या आत सरकारने नवा, आधीपेक्षा सैल मसुदा लोकांसमोर ठेवला आणि २५ ऑगस्टला ड्रोन नियम २०२१ लागू केले. मार्चचे नियम सहा महिनेही टिकले नाहीत. अर्ज २५ वरून ५ झाले, फिया ७२ वरून ४. नोंदणीची फी १०० रुपये. नियम मोडला तर कमाल दंड १ लाख रुपये.

हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. वाईट हेतूने उडवणारा अर्ज भरत नाही, नोंदणी करत नाही. कडक कागदांनी अडतो तो अर्ज भरणारा. सरकारने ते ओळखलं आणि प्रामाणिक माणसाची वाट मोकळी करून बाकीच्यांना वेगळं काढायचं ठरवलं.

त्याच वर्षी २४ सप्टेंबरला देशाच्या आभाळाचा नकाशा प्रसिद्ध झाला. हिरवा, पिवळा आणि लाल. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत उडायला परवानगी लागत नाही, पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची लागते, लाल म्हणजे केंद्र सरकारची. आधी विमानतळाच्या कुंपणापासून ४५ किलोमीटर पिवळं धरलं जात होतं, ते आता १२ वर आलं. लोहगावपासून सासवड सरळ रेषेत ३० किलोमीटरच्या आसपास. म्हणजे जुन्या हिशेबाने आमचं सगळं गाव, सोपानकाकांच्या समाधीपासून एसटी स्टँडपर्यंत, पिवळ्यात होतं. मी मोबाइलवर नकाशा उघडला, बोटांनी मोठा केला, आणि आमच्या स्टुडिओवर हिरवा रंग पाहिला. अण्णा तेव्हा अंथरुणावर होते. त्यांना दाखवला. ते म्हणाले, “म्हणजे आता रेघ दिसती.”

रेघ दिसण्याची ही गोष्ट आमच्या घरात जुनी आहे. माझे मामा भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते. त्यांनी उमेदीत ३३ फुटांच्या साखळीने मोजणी केली. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. १८३० च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी आपल्याच जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात जमीन मोजणीची जी पद्धत बसवली, तिचा वारसा मामांच्या साखळीपर्यंत पोचला होता. मामा नेहमी सांगत, “बांध बारीक असला तरी चालंल, दिसला पाहिजे. न दिसणाऱ्या बांधावरून कोर्टात तीन पिढ्या जातात.”

त्या मोजणीने शेतं मोजली, पण गावठाणं बहुतेक तशीच राहिली. घर आहे, पण त्याचा नकाशा नाही, म्हणून कर्ज मिळत नाही. हे बदलायचा प्रयत्न आमच्या शेजारच्या सोनोरी गावात झाला. देशभर ‘स्वामित्व’ योजना २४ एप्रिल २०२० रोजी जाहीर झाली, पण त्याआधीच राज्याच्या भूमी अभिलेख विभागाने आणि भारतीय सर्वेक्षण विभागाने मिळून मल्हारगडाच्या पायथ्याच्या या गावठाणाची ड्रोनने मोजणी करून पाहिली होती. या पद्धतीत ड्रोन येण्याआधी घराघराच्या हद्दीवर चुन्याची फक्की मारतात, म्हणजे वरून रेघ दिसावी. वाद असेल तर तो जमिनीवर, शेजाऱ्यांच्या समोर, यंत्र वर जाण्याआधी मिटवायचा. मामांना मी हे सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत, शांतपणे म्हणाले, “बरोबर केलं. आधी माणसं, मग यंत्र.”

२०२२ मध्ये दोन बदल आले. ९ फेब्रुवारीला परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आली, देशात यंत्रं बनावीत म्हणून. दोनच दिवसांनी वैमानिकाच्या परवान्याची जागा प्रशिक्षण संस्थेच्या प्रमाणपत्राने घेतली. दहावी पास, वय १८ ते ६५. मी आठवडाभराचं प्रशिक्षण घेतलं. वर्गात एक द्राक्ष बागायतदार होता, दोन सिव्हिल इंजिनिअर, आणि एक बचत गटातली ताई, फवारणीसाठी शिकायला आलेली. सिम्युलेटरवर ती आमच्या सगळ्यांपेक्षा सफाईने आठचा आकडा काढायची. पुढच्या वर्षी सरकारने १५,००० बचत गटांना ड्रोन देण्याची योजना आणली तेव्हा मला तीच आठवली. प्रमाणपत्रासाठी आधी पासपोर्ट लागे. सप्टेंबर २०२३ मध्ये ती अट काढली आणि मतदार कार्ड, रेशनकार्ड, ड्रायव्हिंग लायसन्स चालू लागलं. खेड्यातल्या बाईकडे पासपोर्ट कुठून असणार? एवढीशी दुरुस्ती, पण तिने किती दारं उघडली असतील!

हौशी मुलांसाठीही वाट झाली. नॅनो यंत्राला, आणि धंद्यासाठी नसलेल्या मायक्रोलाही, प्रमाणपत्र लागत नाही. ही २५० ग्रॅमची रेघ जगात इतकी पक्की झाली की डीजेआयने २०१९ साली आपलं छोटं यंत्र मुद्दाम २४९ ग्रॅमचं काढलं. नियमाची रेघ स्पष्ट असली की कारखानाही तिच्याप्रमाणे वळतो.

आता जे सांगतो ते या इतिहासाचं अजून न मिटलेलं पान आहे.

२०२४ च्या पावसाळ्यात पुणे, नगर, बीड आणि आसपासच्या भागात रात्रीचे ड्रोन दिसतात अशी बातमी पसरली. चोर आधी ड्रोनने घरं हेरतात, असं लोक म्हणत. माणसं काठ्या घेऊन रात्री जागत होती. पोलीस अफवांवर विश्वास ठेवू नका म्हणत होते. त्या दिवसांत मी एका वाडीवर प्री-वेडिंगच्या शूटिंगला गेलो होतो, दिवसाढवळ्या, हिरव्या पट्ट्यात, नोंदणी, विमा, प्रमाणपत्र, सगळं जवळ. ड्रोन वर गेला आणि पाच मिनिटांत पंधरा-वीस माणसं गोळा झाली. पुढे एक म्हातारे बाबा. आवाज चढलेला नव्हता. त्यांनी एकच विचारलं, “कुणाचं हाय रं ते?”

मी फाइल उघडली. यंत्रावर चिकटवलेला नोंदणीचा क्रमांक दाखवला, कागदावरचा दाखवला. कागद इंग्रजीत होता. बाबांनी तो हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि परत दिला. मग म्हणाले, “आदी सांगायचं ना, बाळा.”

ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. मी नियम पाळला होता. पण तो नियम माझ्या आणि सरकारच्या मधला होता. ज्याच्या अंगणावरून मी उडत होतो, त्याला त्यात कुठे जागा होती? २०१८ च्या नियमावलीत लोकांचा खासगीपणा जपण्याची जबाबदारी उडवणाऱ्यावर स्पष्ट टाकलेली होती. २०२१ च्या सुटसुटीत नियमांत त्यासाठी वेगळं कलम राहिलं नाही. किती उंच, किती वजन, कुठल्या रंगात, हे सगळं मोजलं गेलं. खाली कोण आहे आणि त्याला काय वाटतं, हे मोजायचं राहिलं.

मे २०२५ मध्ये ते आमच्याच तालुक्यात दिसलं. पुरंदरच्या नियोजित विमानतळासाठी जमिनीची ड्रोनने मोजणी करायला पथकं आली आणि गावकऱ्यांनी विरोध केला. पोलीस आणि गावकरी यांच्यात झटापट झाली. सोनोरीत ज्या यंत्राने घराचा हक्क कागदावर आणला, तेच यंत्र काही किलोमीटरवर लोकांना आपली अंजिराची, सीताफळाची बाग जाण्याची खूण वाटलं. विमानतळ व्हावा की नाही हा मोठा प्रश्न आहे आणि त्याचा निर्णय ड्रोनच्या नियमांत नाही. पण चुन्याची फक्की मारून, माणसांना बरोबर घेऊन वर गेलेलं यंत्र आणि पोलीस बंदोबस्तात वर गेलेलं यंत्र, यांत फरक आहे. तो फरक आमच्या तालुक्याने डोळ्यांनी पाहिला.

१ जानेवारी २०२५ पासून १९३४ च्या कायद्याची जागा भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली आहे. ड्रोनसाठीही नव्या कायद्याची चर्चा चालू आहे. जे लिहायला बसतील त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. नियम मराठीत द्या, तमिळमध्ये द्या, ज्याच्या वावरावरून यंत्र जातं त्याला वाचता येईल असे द्या. आणि त्यात खालच्या माणसाला एक ओळ द्या.

तोवर मी माझ्यापुरती एक शिस्त लावून घेतली आहे. शूटिंगच्या जागी अर्धा तास आधी जातो. आसपासच्या घरांत जाऊन सांगतो की असं यंत्र उडणार आहे, अमुक लग्नासाठी, इतका वेळ, आणि माझा हा नंबर. कुणी नको म्हटलं तर त्या बाजूला जात नाही. असं क्वचितच होतं. बहुतेक ठिकाणी बायामाणसं चहा टाकतात आणि पोरं विचारतात, वरून आमचं घर दिसतं का?

परवा त्याच वाडीवर पुन्हा काम होतं. आधी बाबांच्या घरी गेलो. ड्रोन वर नेला, त्यांच्या घरावर स्थिर केला आणि पडदा त्यांच्यापुढे धरला. कौलं, गोठा, विहीर, आणि दोन वावरांच्या मधला बांध. बाबांनी त्या बांधावर बोट ठेवलं आणि किती तरी वेळ ते तसंच ठेवलं. मला अण्णांची ती ओढून घेतलेली खुर्ची आठवली.